बोतोझाराचा गुळगुळीत खांदा

ओझी वाहणाऱ्या माणसाचं तोंड बघू नये, खांदा बघावा. चाळीस वर्षं दांडी घेतली की मानेच्या जरा बाजूला लिंबाएवढा घट्टा येतो. आमच्या मारोवातोत असे घट्टेवाले म्हातारे अजून नऊ-दहा आहेत. बोतोझाराही तेवढीच वर्षं आमच्याबरोबर चालला. त्याचा खांदा आजही वासराच्या नाकासारखा मऊ आहे.

तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची स्तुती केली तर गाव हसेल, निंदा केली तर बहीण जेवायला वाढणार नाही. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

मारोवातोला रस्ता नाही. ट्रक थांबतो तिथून दोन दिवसांची पायवाट आहे. मीठ, पत्रे, रॉकेल, शाळेचा फळा, एकदा तापाने फणफणलेला एक पाद्री, सगळं खांद्यांवरून आलं. दांडी ओल्या लाकडाची घेऊ नये. ती वाकते आणि ओझं नाचतं. नाचणारं ओझं दुप्पट होतं. जोडी जमवताना माणसांची मनं जुळवायची नसतात, खांद्यांची उंची जुळवायची असते. चढावर बुटका पुढे, उतारावर उंच पुढे. बोतोझारा मध्यम उंचीचा. तो कुठल्याही जोडीत बसायचा आणि कुठल्याही जोडीतून निसटायचा.

गाठी बांधायचं काम तो नेहमी हौसेने अंगावर घ्यायचा. तीन वर्षं मला वाटलं, चला, निदान गाठी तरी बांधतो. चौथ्या वर्षी शंका आली. ओझं दांडीच्या बरोबर मध्ये टांगलं आणि तिथे कोळशाने खूण केली. दुसऱ्या मुक्कामाला ओझं खुणेपासून चार बोटं सरकलेलं होतं, पुढच्या माणसाकडे. मागे बोतोझारा.

"ही खूण बघ," मी म्हटलं.

"लाकूड वाढतं रे दादा."

"सुकलेलं लाकूड?"

"हट्टी आहे."

एकदा त्याला घरी ठेवून गेलो. पहिल्याच चढावर दोघांची जुंपली आणि मिठाचं पोतं ओढ्यात गेलं. तो असला की भांडण होत नसे. दोघं तापले की तो तिसरंच काहीतरी बोलायचा आणि दोघं मिळून त्याला शिव्या घालायचे. तेवढ्यात चढ संपायचा. तेव्हापासून त्याला घेतल्याशिवाय निघालो नाही. मात्र माणसांत मोजला नाही. ओझ्यात धरला.

माझी बहीण झाफीसोआ त्याच्या उलट. भात कांडताना तिच्यासमोर दुसरं मुसळ घेऊन दोन बायका आलटून पालटून उभ्या राहायच्या. एक दमली की दुसरी. ही थांबायची नाही. वीस-बावीस वर्षं तिने रोज दोन वेळचं भात कांडलं. मग उजवा खांदा गेला. हात छातीपर्यंत यायचा, त्यावर नाही. ती डाव्या हाताने मुसळ उचलायची, उजवा नुसता वाट दाखवायला. गावातल्या प्रत्येक घराच्या कांडणाचा आवाज ओळखू येतो. तिचा आवाज बदलला. धप्प, मग एक लंगडा श्वास, मग धप्प.

बोतोझारा तो आवाज एक अख्खा हंगाम ऐकत राहिला आणि त्यावर काही बोलला नाही. तो ज्यावर बोलत नाही अशी ती एकच गोष्ट मला माहीत आहे.

पुढे गावाने तीन हंगामांची कॉफी एकत्र विकून भात सडायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. ठरल्याच्या दुसऱ्या सकाळी बोतोझारा आंब्याखाली उखळापाशी गेला. बायका कांडत होत्या.

"झाफी, ठेव ते मुसळ खाली. नव्या भाताच्या आत यंत्र येतंय."

"तू आणणार?" झाफीसोआ म्हणाली. "तू पाण्याचा हंडा आणत नाहीस."

"मी आणणार."

कालोझा आजी गावातली सगळ्यात वडीलधारी बाई. तिने सूप खाली ठेवलं. "आणि नाही आलं तर, जावईबापू?"

"नाही आलं तर मी कांडेन."

सगळी मुसळं थांबली. आमच्यात पुरुष झाड पाडतो, चिखलात बैल फिरवतो, लग्नात लांबलचक भाषण करतो. मुसळाला हात लावत नाही.

"किती दिवस कांडशील?"

"पुढच्या नव्या भातापर्यंत."

"वर्षभर! कुठे?"

"इथेच. सगळ्यांसमोर."

"नेसशील काय?"

"म्हणजे?"

"उघड्या गुडघ्यांनी कांडायचं नसतं रे बाळा. माझा फुलाफुलांचा लांबा देईन कमरेला गुंडाळायला. धुतलेला आहे."

त्या दिवसापासून बोतोझारा दिसला की बायका हाताने त्याच्या कमरेचं माप घ्यायच्या. यंत्रासाठी कॉफी दिलेले लोकसुद्धा अर्ध्या मनाने देवाला म्हणत होते, थोडं उशिरा येऊ दे. नवं भात पूर्वजांना वाहिल्याशिवाय कुणी खात नाही. तो दिवस शनिवारचा ठरला. त्या शनिवारी यंत्र चाललं पाहिजे, अशी पैज होती.

आता बेमावोबद्दल सांगितलं पाहिजे. ट्रकपासून आमच्या वाटेवर बरोबर मध्यावर बेमावो गाव लागतं. ते आमचं झिवा गाव. म्हणजे चेष्टेचे सोयरे. कुठल्या तरी खापरपणजोबांनी आणाभाका घेतल्या. तेव्हापासून ते आम्हाला वाटेल ते बोलतात, आमचं वाटेल ते उचलून नेतात. आम्हीही त्यांचं. रागवायचं नाही. जो रागावेल त्याने समोरच्याला बैल द्यायचा. माझ्या सासऱ्याच्या घराचं दार त्यांनी काढून नेलं होतं. ते दोन पावसाळ्यांनी परत आलं. आम्ही त्यांचा कोंबडा नेला आणि त्याची पिसं लग्नाचा आहेर म्हणून पाठवली. वस्तू बुडत नाही. पण ती परत कधी येणार, ते नेणारा ठरवतो.

यंत्राचं भात सडायचं धूड आणि दोन जड चाकं आम्ही पहिल्या फेरीत आणली. बेमावोच्या वडाखाली त्यांचा म्होरक्या जाओमारो बसला होता. साठीचा, रुंद, दात सगळे शाबूत. त्याने ओझ्याभोवती एक फेरी मारली आणि धान्य ओतायचं पत्र्याचं नरसाळं उचलून डोक्यावर घातलं.

"कशी दिसते टोपी?"

आम्ही काय बोलणार? म्हटलं, शोभते.

"शोभते तर ठेवतो," तो म्हणाला.

नरसाळ्याशिवाय यंत्र चालत नाही. भात घालायला जाल तर तेच अंगावर उडतं. आणि इंजिन अजून यायचं होतं. ते दुसऱ्या ट्रकने आलं. ते घ्यायला गेलो तेव्हा बुधवार होता आणि आमच्या हातात तीन दिवस होते. आम्ही सात जण. सहा वाहणारे आणि एक बोतोझारा.

इंजिन एकशेवीस किलोचं. दोन दांड्या, सहा खांदे, वाट ओली. हे जमणारं काम होतं. बेमावो जमणारं नव्हतं. शिवाय आम्ही तिथे पोचणार गुरुवारी. मातीला लोखंड लावायचं नाही असा बेमावोचा गुरुवारचा नेम आहे. कुदळ नाही, फावडं नाही. म्हणजे गावातला प्रत्येक पुरुष रिकामा, वडाखाली, वाटेकडे तोंड करून बसलेला. गावाला वळसा घालावा तर नदीला पूर होता.

"त्यांनी इंजिन ठेवून घेतलं तर दोन पावसाळे गेले," मी म्हटलं. "आजीने लांबा धुऊन ठेवलाय."

बोतोझारा इंजिनाभोवती दोनदा फिरला. वाकून बघितलं. मग म्हणाला, "कुठली गोष्ट कुणी अडवत नाही, दादा?"

"पाऊस."

"आणि?"

दुसरं उत्तर मला माहीत होतं, पण ते आवडलं नाही. परक्या मुलखात मेलेला माणूस आपल्या गावच्या थडग्याकडे निघाला की त्याला कुणी अडवत नाही. टोप्या काढतात आणि बाजूला होतात.

"मेलेल्यांची चेष्टा नको," मी म्हटलं.

"कोण मेलंय? मी कुणाचं नाव घेणार नाही. मेलं असा शब्द काढणार नाही. चटई आहे, दोर आहे, दांडी आहे. बघणाऱ्याला जे वाटेल ते त्याचं."

मी नाहीच म्हणणार होतो. पण कानात तो लंगडा श्वास आला. धप्प, श्वास, धप्प. सगळ्यांत मोठा मीच होतो, म्हणून मी घोटभर दारू ईशान्येला जमिनीवर ओतली आणि पूर्वजांना सांगितलं, "हे लोखंड आहे. तुम्हाला फसवत नाही. बेमावोला फसवतोय. ते तुम्हीही करत होता."

इंजिन चटईत गुंडाळलं. माणसाची लांबी यावी म्हणून डोक्याकडे एक भोपळा, पायांकडे केळीचं खोड. मध्ये इंजिनाचं पोट राहिलं. त्याला इलाज नव्हता.

"प्रेतापुढे घरचा माणूस चालतो," बोतोझारा म्हणाला. "मोकळ्या हातांनी."

"आणि तो कोण?"

"दुःखी चेहरा लागतो. दादा, तुझा आहे, पण तुझा रोजच तसा असतो. लोकांना फरक कळणार नाही. मीच चालतो."

अशा रीतीने तो त्याही ओझ्यातून सुटला.

गुरुवारी ऊन वर आलं तेव्हा आम्ही बेमावोत शिरलो. बोतोझाराने डोळ्यांना मिरचीचं बोट लावलं होतं. पाणी अगदी मनापासून वाहत होतं. वडाखालचे सगळे उठले. टोप्या निघाल्या. पोरांना गप्प केलं गेलं. जाओमारो पुढे आला.

"कोण?" त्याने हळू विचारलं.

"जड माणूस होता," बोतोझारा म्हणाला आणि हुंदका दिला.

जाओमारोने मान खाली घातली. वाट मोकळी झाली. आम्ही पाच पावलं टाकली. सहावं टाकताना मला आठवलं. बोतोझारालाही आठवलं असावं, त्याचे कान मागे गेले.

झिवा मेला तर रडायचं घरच्यांनी. त्याला धुवायचं, वाहायचं, आणि वाहताना शिव्या देऊन घरच्यांना हसवायचं काम झिवाचं. मारोवातोचा मेला की बेमावो उचलणार. बेमावोचा मेला की आम्ही. जगात एकच गाव होतं ज्याच्यासमोरून हे सोंग न्यायचं नव्हतं, आणि ते आम्ही नेमकं तिथेच आणलं होतं.

मागे पत्रा वाजला. जाओमारोने नरसाळं डोक्यावर चढवलं होतं. सगळे टोपी काढतात तिथे झिवा टोपी घालतो.

"ए मारोवातोच्या बेडकांनो!" तो ओरडला. "आमच्या झिवाचं प्रेत आमच्याच दारावरून नेता आणि खांदा तुम्ही देता? आम्ही काय मेलोय?"

अठरा जण धावत आले. एका दमात दांड्या आमच्या खांद्यांवरून गेल्या. मी नुसता बघत उभा राहिलो. ओझं अचानक गेलं की माणूस अर्धी वीत उंच होतो, तसे आम्ही सहा जण उंच झालो.

"आधी धुऊ या," जाओमारो म्हणाला. "ओढा इथेच आहे."

"धुतलंय!" बोतोझारा किंचाळला. "धुऊनच आणलंय."

"वास कसला येतोय?"

"रॉकेलने धुतलं. ढेकूण फार होते."

जाओमारोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मारोवातोचाच आहे. उचला रे!"

बेमावोपुढे नऊ वळणांची चढण आहे. भरल्या ओझ्याने आम्ही तिला चार विसावे घेतो. ते तीन विसाव्यांत चढले. काम कुणाचंही असो, मी नीट बघतो. त्यांच्या पावलांत दोष काढायला जागा नव्हती. वळणावर आतला माणूस पाय आखडता घेत होता, बाहेरचा लांब टाकत होता, आणि चटई हलत नव्हती. जोड्या बदलताना दांडी दोन बोटंसुद्धा खाली येत नव्हती. विसाव्यालाही त्यांनी प्रेत जमिनीला टेकवलं नाही. दांड्यांची टोकं दगडांवर ठेवली आणि ते अधांतरी लोंबतं ठेवलं. मला वाटलं, मान देताहेत. मला जरा लाजही वाटली.

तोंडं मात्र चालूच होती.

"काय खायचास रे बाबा? दगड?"

"पोट बघा याचं! बायकोने नुसतं भांडं चाटलं असणार."

"डोक्याकडे काहीच वजन नाही."

"मग काय, खात्री पटली ना गावाची?"

"ए दुःखी माणसा," जाओमारोने पुढे हाक मारली, "हा जिवंतपणी काही काम करायचा का?"

"अजून सुरुवात नव्हती केली," बोतोझारा म्हणाला.

"म्हणजे तुझ्यासारखाच."

आम्ही सहा जण मोकळ्या हातांनी मागून चाललो होतो. मी त्या वाटेने शेकडो वेळा गेलो असेन, पण डावीकडे ऑर्किडची फुलं आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बोतोझारा मात्र सुखात नव्हता. माथ्यावर तो माझ्याजवळ आला. मिरची केव्हाच उतरली होती, तरी डोळे ओले होते.

"दादा, गावात पोचल्यावर हे चटई सोडणार."

"सोडणार."

"मग?"

"घरचा माणूस तू आहेस. मी मागे चाललोय."

आम्ही मारोवातोत पोचलो तेव्हा सूर्य हातभर कलला होता. अठरा जण शिव्या देत प्रेत आणताहेत हे बघून गाव घराबाहेर आलं. बायका धावल्या आणि आम्हाला मोजू लागल्या. सहा आणि एक, सात. झाफीसोआने पुन्हा मोजलं. नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढून बघितलं.

"तुमच्यातलं कुणी कमी नाही," ती म्हणाली. "मग हा कोण?"

बोतोझाराने तोंड उघडलं. दांड्या खाली येऊ लागल्या.

"थांबा!" जाओमारो ओरडला. "आज गुरुवार आहे. लोखंड मातीला लावू नका. फळी आणा कुणीतरी."

कुणी हललं नाही. मग कालोझा आजीच हसायला लागली आणि तिने स्वतः फळी आणून टाकली. अठरा जणांनी इंजिन अलगद तिच्यावर ठेवलं. जाओमारो वळला तेव्हा दिसलं, त्याच्या मानेवरून पाठीपर्यंत तेलाचा काळा ओघळ होता.

"केव्हा कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या वळणाला मानेवर थेंब पडला. मला वाटलं, प्रेत पाझरतंय. दुसऱ्या वळणाला चाटून बघितलं."

"मग टाकून का नाही दिलंस?"

"खांदा दिला की मध्येच काढायचा नसतो. आणि टाकलं असतं तर हा म्हणाला असता, जाओमारो रागावला. माझा एक बैल गेला असता." त्याने बोतोझाराच्या पाठीवर थाप मारली, तेल पुसत. "मी रागावलेलो नाही हं. मला भूक लागलीय."

बोतोझाराच्या जिवात जीव आला. "बसा, बसा! झाफी, भात टाक."

"अं हं." जाओमारो उखळाच्या कडेवर बसला. डोक्यावरचं नरसाळं त्याने दोन्ही हातांनी घट्ट केलं. "प्रेत वाहणाऱ्यांना घरच्या माणसाने जेवू घालायचं असतं. घरचा माणूस कोण? पुढे कोण चालत होतं, मोकळ्या हातांनी?"

"मी," बोतोझारा म्हणाला.

"मग तू कांड. आम्ही अठरा, तुमचे सात. पोटभर जेवलो की टोपी काढतो. नाही जेवलो तर डोक्यावर ठेवूनच घरी जातो. दोन पावसाळे छान जातील हिच्याखाली."

नरसाळं गेलं तर शनिवारी यंत्र नाही. शनिवारी यंत्र नाही तर वर्षभर मुसळ. हा हिशेब बोतोझाराला कुणी समजावून सांगावा लागला नाही. त्याने आशेने बायकांकडे बघितलं. दहा-बारा बायका होत्या. एकीने खांदा दाबून धरला. मग दुसरीने. बघता बघता सगळ्या गावाचे खांदे दुखायला लागले.

कालोझा आजी घरात गेली आणि फुलाफुलांचा लांबा घेऊन आली.

नवं भात अजून वाहायचं होतं, त्यामुळे घरात होतं ते जुनं. कोरडं, चिवट. उखळ सात वेळा भरावं लागणार होतं. पहिल्या उखळात बोतोझाराने मुसळ वर नेलं आणि जोर लावून खाली हाणलं. अर्धं भात बाहेर उडालं. बेमावोच्या अठरा जणांनी एकदम दाद दिली.

"ढकलू नको," झाफीसोआ म्हणाली. ती त्याच्यासमोर येऊन बसली. "उचल आणि सोड. पडायचं काम मुसळाचं आहे. तुझं काम फक्त वर नेण्याचं."

"वर नेणंच जड आहे ना!"

"हो का? मला माहीत नव्हतं."

त्याने मुसळ पुन्हा धरलं. उचललं, सोडलं. उचललं, सोडलं. दुसऱ्या उखळात त्याने गाणं सुरू केलं. तिसऱ्यात ते थांबलं. चौथ्यात त्याने मुसळ जरा कलतं धरून उखळाच्या काठावर टेकवत वेळ काढायचा प्रयत्न केला. मला ती युक्ती ओळखू आली. झाफीसोआलाही आली.

"सरळ," ती म्हणाली.

"लाकूड हट्टी आहे," मी म्हटलं.

"दादा, तू बोलू नको!"

"रागावलास का?" जाओमारोने लगेच विचारलं. सगळे पुढे झुकले. बैल हवेत दिसायला लागला.

"नाही, नाही," बोतोझारा दात दाखवत म्हणाला. "मजा येतेय."

पाचव्या उखळात तळहातांचे फोड फुटले. त्याने लांब्याचं टोक मुसळाला गुंडाळलं. आजीने स्वच्छ धुतलेला लांबा खराब होतोय म्हणून आरडाओरडा केला, पण सोडवून घेतला नाही. सहाव्या उखळात त्याचं मुसळ नीट पडू लागलं. मी कान देऊन ऐकलं. धप्प, धप्प. मध्ये काही नाही. मग सातव्याच्या निम्म्यावर उजवा हात ढिला पडला आणि तो आवाज आला. धप्प, एक लंगडा श्वास, धप्प.

बोतोझाराने स्वतःच तो ऐकला. मुसळ वर धरूनच त्याने बायकोकडे बघितलं.

"बावीस वर्षं?" तो म्हणाला.

"दिवसातून दोनदा," झाफीसोआ म्हणाली. "कांड. तांदूळ कमी पडेल."

तांदूळ कमी पडला नाही. थोडा तुटका होता, कोंडाही राहिला होता. कसाव्याच्या पाल्याची भाजी, वाळलेले मासे, आणि शेवटी भांड्याला लागलेल्या करपलेल्या भातावर उकळलेलं पाणी. जाओमारो तीन वेळा वाढून घेऊन जेवला. मग त्याने नरसाळं डोक्यावरून काढलं, आतला घाम पुसला आणि बोतोझाराच्या डोक्यावर घातलं.

"कांडणाऱ्या बाई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी कोंडा नीट पाखडा."

शुक्रवारी आम्ही यंत्र जोडलं. जोडणं माझ्याकडे होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळे नट-बोल्ट बसले. शनिवारी नवं भात पूर्वजांना वाहिलं, मग दोरी ओढली. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं आणि कोंबड्या झाडावर गेल्या. झाफीसोआने पहिली टोपली डाव्या हाताने नरसाळ्यात ओतली. खालून तांदूळ आला. तिने मूठभर हातात घेतला, निरखला आणि म्हणाली, "बोतोपेक्षा बरा कांडतो."

पैज बोतोझाराने जिंकली, हे मला मान्य करावं लागतं. त्या इंजिनाला गावात अजून "झिवा" म्हणतात. सकाळी सुरू झालं की कुणीतरी म्हणतंच, उठला मेलेला. आम्ही बेमावोतून गेलो की जाओमारो टोपी काढून विचारतो, "कसा आहे तो?" बोतोझारा म्हणतो, "खातो भरपूर. अजून रॉकेलचाच वास येतो."

एक गोष्ट मला बरीच वर्षं खात होती. माणूस ढिला असेल, पण मूर्ख नव्हता. झिवा प्रेत उचलतो हे पोरालाही माहीत असतं. बेमावोच्या अठरा जणांकडून ते ओझं नऊ वळणं वर न्यायचं, हाच त्याचा बेत होता की काय? मागच्या महिन्यात आम्ही दोघं आंब्याखाली बसलो होतो. आता दोघंही ओझी वाहत नाही. त्याला त्यात काही बदल जाणवत नाही. मी सरळ विचारलं.

"बोतो, खरं सांग. तुला आधीपासून माहीत होतं?"

त्याने तळहात माझ्यापुढे उघडे केले. उजव्या हातावर, बोटांच्या मुळाशी, दोन छोटे घट्टे आहेत. त्या एका दुपारचे असू शकत नाहीत. घट्टा एका दुपारी येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. यंत्र कधी बंद पडतं, डिझेल कधी वेळेवर येत नाही. तेव्हा पहाटे त्यांच्या परसात, दाराआड, कुणीतरी कांडतं. मी तो आवाज ऐकलेला आहे. झाफीसोआचा नाही. कुणाचा आहे ते मी कधी बघायला गेलो नाही.

"मी एवढा हुशार असतो, दादा," तो म्हणाला, "तर सात उखळं आदल्या दिवशीच झाफीकडून कांडून ठेवली नसती?"

"ठेवली असतीस?"

"नाही," तो म्हणाला, आणि हात पालथे केले.